उघड्या समुद्राची वाट

बाबा, तुम्ही समुद्र कधी पाहिलाच नाही, हे तुम्ही गेल्यावर माझ्या लक्षात आलं. तिरुपतीला जाऊन आलात, हैदराबाद-नागपूर तर दफ्तराच्या कामाने कितीदा केलंत, पण पलीकडचा काठ दिसत नाही अशा पाण्यापुढे तुम्ही कधी उभे राहिला नाहीत. आणि तरी समुद्रात मी जावं की जाऊ नये, हे ठरवणारे तुम्हीच होतात.

परवा आदिलाबादच्या याच घरात, स्वयंपाकघरातल्या टेबलावर लॅपटॉप उघडून मी आणि तुमची नात बसलो होतो. मी बँकेची नोकरी मुदतीआधी सोडली आहे. तिचं म्हणणं, मम्मी, आता कुठंतरी लांब जाऊ. इंडोनेशियातल्या लोम्बोक बेटावरून पूर्वेला फ्लोरेसपर्यंत बोटी जातात. पाठीवर पिशव्या घेऊन फिरणारी पोरं त्यांच्या डेकवर गाद्या टाकून झोपतात आणि वाटेतल्या बेटांवर उतरत उतरत जातात. विमानाने थेट फ्लोरेस गाठून तिथल्याच जवळजवळच्या बेटांमधूनही फिरता येतं. मग रात्री बोट शांत खाडीत नांगर टाकून उभी असते. लोम्बोकहून निघालं तर मात्र उघडा समुद्र. त्या वाटेवर एक अख्खी रात्र बोट कुठंच थांबत नाही, आणि लाटा चढल्या की भल्याभल्यांना ओकाऱ्या होतात, असं जाऊन आलेल्यांनी लिहिलं होतं. मुलीने खाडीची वाट धरून ठेवली होती. "तुझ्यासाठी तीच बरी," ती म्हणाली. मी विचारलं, त्या महिन्यात वारा कुठून असतो? ती माझ्याकडे बघतच राहिली. फोटोतल्या बोटीची शिडं गुंडाळलेली होती. मी म्हटलं, ही नुसती शोभेची आहेत, बोट इंजिनवरच चालत असणार. "मम्मी, तुला काय माहीत?"

तिला सांगावं लागलं. इतक्या वर्षांत कधी सांगितलं नव्हतं.

पोहायला तर मला तुम्हीच शिकवलंत. गावी, तामसीच्या विहिरीत, पाठीला रिकामा डबा बांधून. काकू वरून ओरडते आहे, पोरीची जात हाय, अंग दिसून राह्यलं, आणि तुम्ही कमरेएवढ्या पाण्यातल्या पायरीवर उभे राहून म्हणता आहात, "पाण्याले का समजते, पोरगी हाय का पोरगा हाय? मार हात." ते वाक्य मी हैदराबादला शिकायला जाताना सोबत नेलं होतं. कॉलेजच्या छात्रसेनेत नाव घातलं, हुसेनसागरवर लहान शिडाची नाव चालवायला शिकले. वारा गालावर कुठं लागतो यावरून शीड किती ओढायचं ते कळायला लागलं. मग विशाखापट्टणमहून किनाऱ्याकिनाऱ्याने बरेच दिवस शिडावर जायच्या मोहिमेसाठी ज्या थोड्या मुली निवडल्या, त्यांत मी होते. तुम्हाला तसं कळवलं. तुमचं उत्तर आलं नाही. मला वाटलं, न बोलणं म्हणजे मंजुरी.

निघायच्या आदल्या दिवशी वॉर्डनच्या खोलीत फोन आला. तुमचा आवाज. "मायची तबेत लय बिघडली. पाह्यचं असंन तर ये." तुम्ही तेवढंच बोललात.

त्या बसमध्ये मी काय काय केलं हे तुम्हाला ठाऊक नाही. निर्मल गाव येईपर्यंत मी मनात आईला दोनदा मारलं होतं, दोनदा जाळलं होतं. घाटात बस चढत होती तेव्हा मी हात जोडले आणि म्हटलं, ती वाचू दे, मी पुन्हा कधी समुद्राचं नाव घेणार नाही. शेजारची बाई तेलुगूत विचारत होती, का रडतेस पोरी. घरी पोचले तर आई चुलीपुढे बसून भाकरी थापत होती. तिने मान वर केली नाही. "हातपाय धू," एवढंच म्हणाली. तुम्ही खाटेवर पेपर वाचत होतात. मी दारातच उभी राहिले. पिशवीसुद्धा खाली ठेवली नाही. तुम्ही चष्म्यावरून बघितलंत आणि म्हणालात, "काऊन? माय धडधाकट हाय याचं वाईट वाटून राह्यलं का तुले?"

नको म्हणाला असतात तर मी भांडले असते, रडले असते, कदाचित ऐकलंही असतं. पण तुम्ही असा प्रश्न केलात की राग आला तरी मीच वाईट ठरले. आणि आईला तुम्ही त्यात वापरलंत. ती पुढं जितकी वर्षं जगली, खरंच आजारी पडली की मला आधी, "खरं का?" असं विचारावंसं वाटायचं. तिला ते कळायचं. माझ्या जागी गेलेली मुलगी उन्हाने नाक सोलपटून परत आली, मेसमध्ये रोज तेच तेच सांगत बसायची, आणि मी ताटात बघत ऐकायची. नावेत मी पुन्हा बसले नाही. खोट्यावर बोललेला नवस खरा असतो का, हे विचारायला कोणी नव्हतं.

हे सगळं ऐकून तुमची नात काय म्हणाली, माहीत आहे? "आजोबा असं करणारच नाहीत. पप्पा नको म्हणत होते तेव्हा शाळेच्या गोव्याच्या सहलीला मला त्यांनीच तर पाठवलं." खरं आहे ते. मी तिथंच उभी होते. तुम्ही जावयाला हसून म्हणालात, "जाऊ द्या लेकराले, समुद्र पाहून येऊ द्या." माझ्याकडे तुम्ही बघितलंही नाही. तुम्ही विसरला होतात, की आठवण होती म्हणूनच म्हणालात, हे त्याच दिवशी विचारायला हवं होतं. पुढच्या उन्हाळ्यात तुम्ही गेलात. आता तिचे आजोबा वेगळे, माझे बाबा वेगळे, आणि खोटी मी.

मी तिला म्हटलं, लोम्बोकहूनच जायचं. उघड्या समुद्रातून. ती चिडली, वय काढलं, गुडघे काढले. "तिथं काही झालं तर?"

"होऊ दे," मी म्हटलं. "डेकवरची जागा घे. केबिन नको."

तिने बुकिंगचं बटण दाबलं.

हे पत्र मी कुठं पाठवणार आहे? पण एक सांगते, तिलाही सांगितलेलं नाही. जागा पक्की झाल्यापासून घरातलं कोणी "जाऊ नको" म्हणतं का, याकडे माझे कान लागलेले आहेत. कोणी म्हणत नाही. आणि बाबा, मला भीती वाटते आहे.