फोन मीच उचलला होता

लाडक्या ऋचा,

घरापासून वीस मिनिटांवरच्या देवळाच्या पार्किंगमध्ये, गाडीत बसून हे लिहितोय. शेजारच्या सीटवर एका खोक्यात आपल्या देव्हाऱ्यातले सगळे देव आहेत. आज सकाळी तुझ्या आईने ते जुन्या टॉवेलात गुंडाळले आणि म्हणाली, "देवळात ठेवून या. ज्याने माझी पोर नेली, त्याला मी रोज आंघोळ घालणार नाही." मी गाडीची किल्ली घेतली आणि निघालो. एक शब्द बोललो नाही गं! म्हणून तुला लिहितोय.

तुला जाऊन आठ महिने झाले. या आठ महिन्यांत आपल्या घरात एकाच आरोपीवर खटला चाललाय, आणि तो म्हणजे देव. आई त्याला काय काय बोलते! इतकी वर्षं उपास केले, त्याचं हे फळ दिलंस का? एकुलती एक होती, तुला दुसरं घर दिसलं नाही का? आणि मी बाजूला बसून मान डोलावतो.

आठवतं, एकदा थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीत तू बॉथेलहून ईडन प्रेरीला आपल्या घरी आली होतीस? मी नेहमीप्रमाणे तुला चिडवलं, की हृदयाच्या डॉक्टरची मुलगी आणि कॉलेजात शिकवते काय, तर अडीच हजार वर्षांपूर्वीची ग्रीक रडगाणी! मग मीच वाद उकरून काढला. त्या नाटकांत देव माणसाच्या जन्माआधीच सगळं ठरवून ठेवतात. तो बिचारा टाळायला धडपडतो आणि नेमका तिथेच जाऊन पडतो. मग दोष त्याचा कसा? "कुठल्याही कोर्टात सुटेल तो!" मी म्हणालो.

"बाबा, यू ऑलवेज वाँट वन आन्सर," तू म्हणालीस. "इट्स बोथ. देव क्रूर आहेतच. अँड ही स्टिल डिड इट. पण तो लपत नाही बाबा. बाहेर येऊन सगळ्यांसमोर सांगतो, हे माझ्या हातून झालं. दॅट्स द होल पॉइंट!"

"ही काय भानगड? एका गुन्ह्याचे दोन गुन्हेगार?"

"अहो, आधी जेवा, भात गार होतोय," आई म्हणाली आणि तू हसत सुटलीस. आमच्या मराठी मंडळातले काका लोक म्हणजे त्या नाटकांतला म्हाताऱ्यांचा कोरस, सगळं घडून गेल्यावर येऊन हळहळणारा, हेही तू त्याच जेवणात ऐकवलंस. तेराव्याला ते सगळे आले, सोफ्यावर ओळीने बसले आणि एकेक जण मला म्हणाला, "विधिलिखित, डॉक्टर. आपल्या हातात काय असतं?" मला तुझी इतकी आठवण आली! तू असतीस तर मला एवढ्या सहज सुटू दिलं नसतंस.

इथल्या मराठी घरांचा रिवाज तुला माहीतच होता. पोटात दुखो नाहीतर छातीत दुखो, इमर्जन्सीत जायच्या आधी फोन डॉक्टरकाकांना. तिथे पाच तास ताटकळत कोण बसणार? काका सांगतील. तीस वर्षं मी ते फोन उचलले, आणि खरं सांगू, मला ते आवडायचं. अर्ध्या ताटावरून उठतानाही माझी कॉलर ताठ असायची. तूही त्याच रिवाजात वाढलीस. पण का गं केलास मला फोन? अँब्युलन्सला का नाही केलास?

त्या शनिवारी दुपारी मी गॅरेजमध्ये बर्फ हटवायचा स्नोब्लोअर दुरुस्तीला उघडून बसलो होतो. तू म्हणालीस, पाठीत वरच्या बाजूला दुखतंय, मळमळतंय, जबडा जड वाटतोय. बायकांचं हृदयाचं दुखणं असंच वेष बदलून येतं, हे मी किती शिकाऊ डॉक्टरांना टेबलावर हात आपटून शिकवलं होतं! दुसऱ्या कोणाची एकेचाळीस वर्षांची मुलगी असती, तर मी ओरडलो असतो, आत्ताच्या आत्ता अँब्युलन्स बोलाव. पण ती तू होतीस. माझ्या मुलीला असं काही होऊच शकत नाही, हे मी काही विचारण्याआधीच ठरवून टाकलं. "ॲसिडिटी आहे गं. पेपर तपासत वाकून बसली असशील. गोळी घे आणि पड जरा."

"थँक्स, डॉक्टरकाका," तू चिडवलंस. आणि खरंच जाऊन पडलीस. जन्मभर माझं कधी ऐकलं नाहीस, ते नेमकं त्या दिवशी ऐकायचं होतं?

संध्याकाळी तुझ्या शेजारणीचा फोन आला, तो आईने उचलला. दुपारच्या फोनबद्दल मी तिला आजवर सांगितलेलं नाही. आधी ती कोसळली होती म्हणून. मग दिवसकार्याची धावपळ होती म्हणून. मग भ्यालो म्हणून. तिने देवाला धरलं आणि मी सुटलो, ऋचा!

तू वाचली असतीस का? मला माहीत नाही. तुझ्या त्या देवांनी आधीच ठरवलंही असेल. पण डॉक्टर म्हणून मी एवढं जाणतो, की तुला एक संधी होती आणि ती माझ्या हातात होती.

तू मला माफ केलं असतंस. "इट्स ओके, बाबा" म्हणून गळ्यात पडली असतीस. म्हणूनच तुझ्याकडे माफी मागत नाही. ती मला फार सहज मिळेल.

हे लिहून झालं की देव घेऊन घरी परत जाणार आहे. देव्हारा पुन्हा मांडायचा की नाही, ते आई ठरवेल. पण त्याआधी तिला समोर बसवून सांगणार आहे, की त्या दुपारी तुझा फोन आला होता आणि तुला पड म्हणणारा मी होतो. कदाचित ती माझ्याशी पुन्हा बोलणार नाही. कदाचित ओरडेल. ओरडू दे! आठ महिने ती अशा कोणावर तरी ओरडतेय, जो उत्तर देत नाही. मी देईन. ती जितक्या वेळा विचारेल, तितक्या वेळा देईन.

तुझा,
बाबा