चांद्याचं नेमकं काय सरकलं

सोनगीर, भाद्रपद शु. ६, सन १९५५

आदरणीय व्याही रतिलालनाना यांना तोतारामचा रामराम.

आपल्या गुडघ्यांना मुंबईची हवा मानवली असेलच. आमची सुनंदा आपल्या घरी सुखात आहे, तेव्हा तिची चौकशी करून तिला लाडावत नाही. इकडे सर्व खुशाल (चांद्या कुत्रा सोडून).

पोळ्याला बैल वेशीतून सुटले आणि त्यांना शिस्त लावायला चांद्या मध्ये घुसला. एका बैलाने बरगडीखाली अशी लाथ घातली की गडी भिंतीवर आपटला. रक्त नाही, हाड मोडलं नाही, पण आडवा म्हणून होईना. कोपरं फाकून बसायचा आणि धापा टाकायचा. आता, बेंबी सरकलेली माणसं चार गावांतून माझ्याकडे येतात हे आपण जाणताच. मी तात्काळ ओळखलं, बेंबी सरकली. आमचा सालदार वना आणि मी, दोघांनी मागचे पाय धरून त्याला उलटा टांगला. जीभ निळी पडली. ताईबाई (आमचं कुटुंब) चुलीपासून ओरडत आली, "सोडा त्याले! मरी जाई तो!" माझ्या उपचारात असा अडथळा आजवर कोणी आणला नव्हता.

शेवटी धुळ्याला नेला. तिथे गुरांच्या डॉक्टरांनी बरगडीला नळी लावली, तर पोटाची गुरगुर छातीत! छाती आणि पोट यांच्यामधला पडदा लाथेने फाटून आतडी वर चढली आहेत. म्हणजे काहीतरी सरकलं हे माझं निदान बरोबरच होतं, फक्त दिशा चुकली. (उलटं टांगल्याने उरलीसुरलीही वर गेली असती, असं डॉक्टर म्हणाले. तरुण आहेत, बोलतात.) तेव्हापासून खाटेचे पुढचे पाय विटांवर चढवून त्याला उतरता बसवतो, चमच्याने दूध पाजतो. पडदा शिवतात तो मुंबईला, जनावरांच्या मोठ्या इस्पितळात. न शिवला तर कुत्रा दिवाळी बघणार नाही, असं डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं. मला ते मान्य नाही.

आपला,
तोताराम

ता. क. हे पत्र टपालाने आलेलं नाही. ते वनाने दिलं, आणि त्याच्या हातातल्या दोरीला चांद्या आहे. इस्पितळाचं होईपर्यंत दोघांना ठेवून घ्यावं. मीच आलो असतो, पण लेकीला मूल होईपर्यंत तिच्या घरचं पाणी बापाने प्यायचं नसतं. चांद्याला ती अडचण नाही.

आणखी एक. आखाजीच्या सणाला इकडे आपलं नवं धोतर फाडणारा तो हाच. घाबरू नये, सध्या त्याच्यात भुंकण्याइतकाही दम नाही. पण बरा होऊन तो पुन्हा आपल्या धोतराला झोंबला, तर नाना, त्याला हाकलण्याआधी मला तार करा. चांद्याबद्दल मला दुसरं काही ऐकायचं नाही.