एकोणऐंशी की एकोणनव्वद

४ जून

चि. भोपळ्यास,
ताईचे भरभरून आशीर्वाद.

गणितातल्या भोपळ्यांवरून तुझं नाव पडलं, आणि आता तुला आकडा भरलेला रुमाल हवा! माझ्या भरतकामाच्या दुकानात आजवर फुलं झाली, वेली झाल्या, पण अशी मागणी पहिलीच. फोनवर सांगितलास तसा निळ्या रेशमात भरला: ९९९९८९. नऊ लाख नव्व्याण्णव हजार नऊशे एकोणनव्वद. नवाच्या शेपट्या वळवून बोटं दुखली. पार्सल कालच धाडलं. कुणासाठी ते तू लपव खुशाल. पण लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस बिघाड नसताना कॉलेजच्या चौथ्या मजल्यावर घुटमळतो, हे माझ्या कानावर आलंय.

लोभ आहेच, तो जप.
तुझी ताई

९ जून

ती. ताईस सा. न. वि. वि.

ताई, तू माझं वाटोळं केलंस. मी एकोणऐंशी म्हणालो होतो! रुमाल आधी आला, तो मी घडी न मोडता तिला देऊन बसलो. तुझं पत्र आज मिळालं.

ती चौथ्या मजल्यावर गणित शिकवते. एकदा लिफ्टमध्ये अडकली, तेव्हा मी बाहेरून धीर देत होतो आणि ती मला मूळ संख्या समजावत होती. एक आणि ती संख्या स्वतः सोडली, तर तिला कशानेच भाग जात नाही. म्हणून तिला त्या आवडतात म्हणे. मग मी तक्ते धुंडाळून ९९९९७९ शोधली. हिला कुणी भागू शकत नाही, तसंच आपलं व्हावं, असं मी रुमाल देताना बोलून गेलो. म्हणजे लग्नाचंच विचारलं. आणि तुझ्या आकड्याला एकोणीसने चक्क भाग जातो! महिनाअखेर ती दुसऱ्या गावी नोकरीला चालली आहे. मला तोंड दाखवायला जागा नाही.

तुझ्यावरचा लोभ तूर्त दहाने घटला आहे, हे कळावे.
भोपळ्या

१३ जून

चि. भोपळ्यास अनेक आशीर्वाद.

चुकलंच रे. मशीन धडधडत होतं, आणि इतक्या नवांनंतर कानाला नव्वदच ऐकू आलं. फार वाईट वाटतंय. पण तुलाही घडी उघडून बघायला काय झालं होतं? आता लपून बसलास, तर चूक माझी आणि नुकसान तुझं. मुकाट्याने वर जा आणि खरं काय ते सांग. मी दुसरा रुमाल भरायला घेतला आहे.

घटलेला लोभ सवडीने परत कर.
ताई

२० जून

ती. ताईस सा. न. वि. वि.

दुसरा रुमाल भरू नकोस. मी गेलो, धापा टाकत सगळं सांगितलं. तिने एकोणीसचा भाग रुमाल मिळाला त्याच संध्याकाळी लावून पाहिला होता. मूळ संख्या छानच, पण फार एकटी, असं ती म्हणाली. ही मात्र एकोणीस गुणिले बावन्न हजार सहाशे एकतीस. दोन्ही मूळ, आणि त्या दोघांशिवाय हिच्यात तिसऱ्या कुणाला जागा नाही. यातला मी कोण, असं मी विचारलं. एकोणीस, म्हणाली, इतकं कमी बोलणारा दुसरा कोण असणार? त्या दिवसापासून वर का फिरकलो नाही, म्हणून रागावलीही.

नोकरीवर ती जाणारच आहे. पण त्या गावातल्या इमारतींना लिफ्ट आहेत का, याची चौकशी तिने आधीच करून ठेवली आहे.

यापुढे लोभ दोघांवर असू दे.
तुझा धाकटा