म्हाळसा-बाणाई आणि चिंचोक्याची खळ

धाकले आई, मी लिहितीय, थोरलीची पोर. दोनच यत्ता शिकलेली, तेव्हा अक्षराला हसू नको. आज नातीनं विचारलं, "आज्जी, तुला आया दोन कशा गं?" आणि आपलं सोलापूरचं घर आठवून मलाच लई हसू आलं.

आप्पांनी तुला आणली ती खंडोबाचा दाखला देऊन. देवाला म्हाळसा असून बाणाई चालली, मग मला का नको? तुम्ही दोघी भांडायला लागलात तर तोडगाबी देवाचाच. म्हाळसा गडावर, बाणाई खाली. म्हणून थोरलीची चूल आत, तुझी सोप्यात. पर देवाला अख्खा गड हाय! आपल्याकडं दोन्ही चुलींचा धूर एकाच कौलातनं जायचा, आणि विणायच्या घोंगडीच्या ताण्याला, उभ्या धाग्यांना, लावायची चिंचोक्याची खळ शिजवायचं पातेलं एकच.

त्या दिवशी त्या पातेल्यावरूनच पेटलं. गिरणीचा दुपारचा भोंगा झाला तेव्हा तू बोचकं बांधून करमाळ्याला, माहेराला निघालीस. मी तुझा पदर धरून रडतेय. तेवढ्यात दारात वाघ्या. दिमडी वाजवत म्हाळसा-बाणाईचंच भांडण गातोय. म्हाळसा म्हणते, तुझ्या अंगाला मेंढराचा वास येतो.

आतनं थोरली ओरडली, "अगं बया, हे तर मी सकाळीच म्हणाले!"

"मग आता माझं ऐका, अक्का," तू म्हणालीस, आणि वाघ्यानं बाणाईचं उत्तर गायलं, तुझंच, जसंच्या तसं. दोघी पोट धरून हसलात. मला वाटलं, झालं, मिटलं. मी वाघ्याला विचारलं, "मग त्यांचं भांडण मिटलं कसं?"

"मिटलं कुटं, पोरी? मिटलं तर आमी खायाचं काय?" पसाभर जोंधळं घेऊन तो गेला. बोचकं तुझ्या काखेत तसंच. माझा जीव पुन्हा टांगणीला.

थोरलीनं अंगणात बघितलं. अर्ध्या ताण्याला खळ लागलेली, ऊन चढलेलं. "वाळाय लागला की गं! हा कुंचा धर. मग जा कुटं जायाचं तितं."

तू बोचकं खाली ठेवलंस. ती त्या बाजूनं, तू ह्या बाजूनं, खळ ओढत राहिलात. रात्री तेच बोचकं उशाला घेऊन मी झोपले. दुसऱ्या दिवशी मिठावरून पुन्हा जुंपली, पर बोचकं काही पुन्हा बांधलं न्हाईस.

तुम्ही दोघीबी आता न्हाईत, मग हे पत्र टाकायचं कुटं? तुमच्या त्याच घोंगडीच्या घडीत ठेवते. आणि एक सांगू? नातीलाबी म्हाळसा-बाणाईची गोष्ट सांगते मी. तीबी विचारते, मिटलं कसं? मी म्हणते, म्हाळसेनं बाणाईच्या हातात कुंचा दिला. देवाच्या गोष्टीत हे न्हाई. माझ्या पदरचं हाय.