टायरवरचा पांढरा फराटा

वेब्रिज, ऑगस्ट १९२८

लायनेल,

काल सगळ्यांसमोर तू मला आंधळी म्हणालास. म्हण खुशाल. तासाभरात सगळ्यात जास्त अंतर कापायच्या विक्रमाला शेवटच्या चार फेऱ्या उरल्या असताना मी लाल फळी दाखवून तुझी गाडी थांबवली. डोकं फिरणारच.

टायरवर पांढरं दिसलं म्हणजे रबर झिजून आतलं कापड उघडं पडलं, टायर आता फुटणार, हे तूच मला शिकवलंस. मागच्या उजव्या टायरवर पांढरं दिसलं आणि मी फळी उचलली. मेकॅनिक ग्रिमशॉने त्यावरून अंगठा फिरवला आणि तो हसत सुटला. "बाईसाहेब, हा रंग आहे हो!"

तू हातमोजे माझ्या पायाशी आपटलेस. "विक्रम गेला, हेस्टर! एका फराट्यापायी!"

मग सगळे चहाला गेले. रंग लागला कुठून, हे एकानेही विचारलं नाही. सबंध ट्रॅकवर पांढरा पट्टा एकच आहे, कालच सकाळी मारलेला: वळणावर गाड्या जिच्यावरून धावतात, त्या कलत्या भिंतीच्या अगदी माथ्यावर. त्यापलीकडे भिंत संपते आणि खाली झाडांचे शेंडे दिसतात. तुझं चाक त्या पट्ट्यावरून गेलं होतं.

तू चहा प्यायलाच नाहीस. कप तसाच खाली ठेवून भिंतीच्या माथ्याकडे बघत राहिलास. मी पाहिलं.

हे पत्र तुला देणार नाही. शनिवारी तू पुन्हा उतरणार आहेस, आणि बिचकलेला हात तिथे जास्त चुकतो. पण फळी मी दुसऱ्या कुणाला देणार नाही. रंग असो नाहीतर कापड, पांढरं दिसलं की उचलणार. मग हव्या तेवढ्या शिव्या घाल. शिव्या घालायला तू हवास.

तुझी आंधळी बहीण,
हेस्टर