तिसरे 'पुरे'

नास, आयर्लंड
३ फेब्रुवारी २०२५

ती. स्व. विजयालक्ष्मीताई यांस,
सा. न. वि. वि.

आपली धाकटी बहीण, माझी शुभदा, गेल्याला नऊ महिने झाले. या अवधीत माझे वजन आठ किलोंनी उतरले. तपासण्या निर्दोष आहेत. तरीही एप्रिलपर्यंत वजन सावरले नाही, तर रुग्णालयात दाखल करण्याचे डॉक्टरांनी ठरविले आहे. चि. सलील चिंतेत असतो. सूनबाईंकडे, निहारिकेकडे, बोट दाखवू नये. ती औषधांच्या कारखान्यातून सहाला परतते, ताजा स्वयंपाक करते, स्वतः वाढते आणि मी पुरे म्हणताच थांबते. शुभदा वाढीत असे तेव्हा मात्र मी जड पोटाने उठत असे. तिच्या वरणफळांवरचे तूप आठवते. हे फोनवर बोलवत नाही, म्हणून लिहिले.

आपली माया आहेच. ती उणी होऊ देऊ नये.

आपला,
मोरेश्वर


पुणे
२० फेब्रुवारी २०२५

चि. मोरेश्वरराव यांस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

इंजिनियर माणसाला एवढेही उमगू नये? तुमचे पहिले 'पुरे' कधी खरे नसतेच. पहिल्या दिवाळसणाला शुभदाच हसत सांगत होती, की ह्यांच्या तिसऱ्या 'पुरे'ला मी हात आवरते. निहारिका आजची मुलगी. कुणाला बळेच वाढू नये असे शिकलेली. ती बिचारी तुमच्या शब्दाचा मान राखते आणि तुम्ही उपाशी उठता! आता तोंडाने मागा. बहात्तराव्या वर्षी जावयाचा रुबाब थोडा उतरला तरी चालेल.

मुलांना आशीर्वाद. आम्हांला विसरू नका.

तुमची,
विजयाताई


नास, आयर्लंड
११ एप्रिल २०२५

ती. स्व. विजयालक्ष्मीताई यांस,
सा. न. वि. वि.

पत्र मिळाले त्याच संध्याकाळी मी निहारिकेला म्हणालो, "आणखी वाढ." ती डाव हातात धरून उभीच राहिली. मग म्हणाली, "बाबा, मला वाटायचं, आईंच्या हातची चव नाही म्हणून तुम्ही उठता." त्या दिवसापासून मी मागून जेवतो. वजन अडीच किलोंनी वाढले असून रुग्णालय टळले.

त्या संध्याकाळी ती आमच्यानंतर जेवावयास बसली आणि मी वाढावयास घेतले. अर्ध्या पोळीवर पुरे म्हणाली, तेव्हा मी आणखी अर्धी तिच्या ताटात ठेवली. शुभदाही माझ्यानंतरच जेवत असे. तोवर मी वर्तमानपत्र उघडलेले असे. चव्वेचाळीस वर्षांत तिला एकदाही "आणखी घे" म्हटल्याचे आठवत नाही.

ताई, आपण तिला लहानपणापासून जेवताना पाहिले आहे. तिला किती लागत असे, हे कृपया कळवावे.

आपला,
मोरेश्वर