कातरलेलं कुत्रं

लासुर्णे, ता. इंदापूर
बुधवार, ७ मे २०२५

चि. सौ. माधवी,

तुला, सौरभला आणि इराला आशीर्वाद. मी बरी आहे. इराचा खोकला पुरता थांबला असेल असं धरून लिहायला बसले.

फोन असताना पत्र कशाला, असं सौरभ म्हणेल. फोनवर तो स्पीकर लावतो, मधेच इरा बोलते, आणि मी "सगळं बरं हाय" म्हणून ठेवून देते. उद्या शेजारची छबूबाई बारामतीच्या बाजाराला येणार आहे, तिच्या हाती हे देते. बँकेतून घरी आलीस की वाच. आधी एकटीनं वाच.

कालव्याला पाणी आलं. कैऱ्या उतरवल्या, फोडींना मीठ-हळद लावून ठेवलीय. वाचनालयातून दोन पुस्तकं आणली, पण चार पानं वाचली की पहिलं काय होतं ते आठवत नाही.

चिपाडबद्दल लिहायचंय. तुला बरंचसं माहीत आहे, तरी पहिल्यापासून लिहिते. मलाच ते नीट उमगत नाही.

मार्चमध्ये ऊसतोडीची टोळी आपल्या रानातून बीडकडं परत गेली. राहायच्या कोप्या मोडल्या, गाड्या भरल्या, आणि हे एवढंसं कुत्रं विझलेल्या चुलीच्या राखेत बसून राहिलं. माझ्या मागं मागं घरापर्यंत आलं. रस काढून टाकलेल्या उसासारखं वाळलेलं, म्हणून छबूबाईनं नाव ठेवलं चिपाड. मी म्हटलं, दोन दिवस राहील आणि जाईल कुठंतरी.

मग यात्रेला तुम्ही आलात. इरा दिवसभर त्याला पोटाशी धरून फिरली. संध्याकाळी तिचे डोळे सुजले, छातीत शिट्टी वाजायला लागली. तू तिला उचलून गाडीत बसलीस तेव्हाचं तुझं तोंड मला अजून दिसतं. बारामतीला दवाखान्यात मशीनची वाफ दिली, आणि डॉक्टर म्हणाले, कुत्र्याची ॲलर्जी. सौरभचा फोन आला. "आई, कुत्रं तरी ठेव, न्हायतर आमाला तरी बोलव."

त्यावर मी काय केलं ते तुला ठाऊक आहे. कुंडलिक धनगर दरवर्षी आपल्या रानात खतासाठी मेंढरं बसवतो. मला वाटलं, त्रास केसांचा, तर केसच काढू. त्याला कातर घेऊन बोलावलं.

"वहिनी, ह्ये मेंढरू न्हाय, कुत्रं हाय. ह्याची लोकर कुनाला इकू?"

"तू काप. इचारू नगंस."

कातरल्यावर चिपाड ओळखू येईना. छबूबाई दारात बसून हसत होती. म्हणाली, "आता ह्याला टोपी घाला, न्हायतर ऊन लागंल." मी तुला मोठ्या कौतुकानं फोन केला. तू म्हणालीस, "आई, केसांमुळं नाही होत. त्याची लाळ, कातडीचा कोंडा, त्यानं होतं." तू हसली नाहीस, त्याचं बरं वाटलं. नंतर मी आरोग्याचं पुस्तक आणून वाचलं. त्यात कुत्र्यावर दोनच ओळी होत्या. संपर्क टाळावा, म्हणे. कुणी कुणाचा, ते काही लिहिलं नव्हतं.

म्हणून चिपाड कुंडलिकला दिला. कालव्यापलीकडं त्याची मेंढरं बसलीत, तिथं नेला त्यानं. मी सौरभला कळवलं. तो लगेच म्हणाला, "मग रविवारी येतो. सुट्टीभर इराला ठेवतो तुझ्याकडं." त्याचा आवाज किती दिवसांनी असा ऐकला.

तर चिपाड परत आलाय.

तो गेल्यावर गोधड्या धुतल्या. भिंती पुसल्या. पण तूच म्हणाली होतीस की तो कोंडा कुत्रं गेल्यावरही घरात कितीतरी दिवस राहतो. आणि कुत्रं तर हे काय, उंबऱ्यावर झोपलंय.

मघाशी परत आलाय असं लिहिलं. ते खोडणार होते, पण खोडलेलं तुला दिसलंच असतं. तो आला नाही. मेंढरांत तो मजेत होता. मी जाऊन आणला.

कुंडलिक म्हणाला, "दिल्यालं कुत्रं माघारी नेत्यात व्हय, वहिनी?" मी म्हटलं, "इरा येनार हाय, तिला दावायचाय." तोंडातून काय निघालं ते माझं मलाच कळलं नाही. ज्या लेकराला त्याचा त्रास, तिचंच नाव घेतलं.

माधवी, सौरभचे आबा गेल्यापासून संध्याकाळी मी तवा ठेवत नव्हते. हे तुमच्यापैकी कुणाला सांगितलं नाही. सौरभ रोज विचारायचा, जेवलीस का, आणि मी व्हय म्हणायचे. दुपारचं काही उरलं असलं तर खायचं, नाहीतर पाणी पिऊन पडायचं. एका माणसासाठी परात घ्यायला हात उठत नाही. चिपाड आल्यावर त्याच्यापुरती भाकरी थापायला लागले, मग एक माझीही व्हायची. तो गेला त्या संध्याकाळी सवयीनं पीठ मळलं. मग पिठाकडं बघत बसले. मग परात तशीच टाकून कालव्याकडं निघाले. हाताचं पीठसुद्धा धुतलं नव्हतं.

सौरभ विचारेल, नात पाहिजे का कुत्रं? नात. यात मला विचार करावा लागत नाही. मग कुत्रं का आणलंस, म्हणेल. ते मला सांगता येत नाही. तू सांगू शकलीस तर त्याला सांग. रागावलीस तरी चालेल, पण इराला म्हणू नकोस की आजीनं कुत्रं निवडलं. तसं नाही. कसं आहे, ते मी शोधतेय.

एक सुचलंय. एक लुगडं छबूबाईच्या कपाटात ठेवीन. तिच्याकडंच डोक्यावरून न्हाऊन, ते नेसून थेट एसटीत बसेन, तुमच्याकडं येईन, संध्याकाळी परत. छबूबाई म्हणाली, "नातीला भेटाया मैतीवरनं आल्यागत न्हानार व्हय गं?" न्हाईन म्हटलं. एवढ्यानं भागतं का, ते डॉक्टरांना विचार. नाही म्हणाले तर तसं कळव, मी खिडकीतून बघेन. कुत्रं ठेवू का सोडू, हेही त्यांना विचारावंसं वाटतं. पण ते त्यांनी तरी कसं सांगावं.

आजवर प्रत्येक पत्राच्या शेवटी मी लिहीत आले, लवकर या, वाट बघते. वाट बघतेच आहे. पण इराला घेऊन या घरात येऊ नकोस, रविवारी नको, मी सांगेपर्यंत नको.

येऊ नका असं पहिल्यांदाच लिहिणारी,
इराची आजी
द्वारका